‘नाटक करतोय’ असे म्हणणाऱ्या आंबेडकरी बांधवांना

जातिव्यवस्थेने आमच्या शरीराबद्दल दोन गोष्टी कायम एकाच दमात सांगितल्या. पहिली अशी की, यांना काही लागत नाही. गटारात उतरतात, मेलेले ढोर ओढतात, नाल्याच्या कडेला जेवतात आणि झोपतात. यांना वासच येत नाही, सवय असते. दुसरी अशी की, यांना फार लागते. जरा कुठे शब्द इकडचा तिकडे झाला की यांच्या भावना दुखावतात, लगेच ॲट्रॉसिटी, लगेच मोर्चा. ऑफिसात, हॉस्टेलमध्ये, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे : ‘तुम्ही लोक फारच सेन्सिटिव्ह बुवा.’

आता, एकाच माणसाला घाणीचा वास येत नाही आणि टोमणा मात्र जिव्हारी लागतो, हे कसे, असा प्रश्न व्यवस्थेला कधी पडला नाही. कारण काय लागावे आणि काय लागू नये हे ठरवण्याचा अधिकार तिने स्वतःकडे ठेवला. मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात ज्या समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली त्यात आमचे आजोबा, काका, मामा आहेत. त्यांना वास येत होता. त्यांना विचारले कोणी नाही, एवढेच.

हे सगळे आम्हाला तोंडपाठ आहे. भाषणात आम्ही ते सांगतो, टाळ्याही पडतात. म्हणूनच आमच्याच वस्तीत, आमच्याच मंडळाच्या मीटिंगमध्ये, गळ्यात निळा गमछा घातलेल्या एका कार्यकर्त्याच्या तोंडून जेव्हा हेच ऐकले, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही. विषय एका मुलाचा होता. कार्यकर्ता म्हणाला, “कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडतो. आणि हात तव्याला चिकटला तर रडत नाही. एकतर माणसाला लागतं, नाहीतर लागत नाही. हा नाटक करतोय, आई लाड करतेय.”

सांताक्रूझ पूर्वेच्या वस्तीतला हा मुलगा सात वर्षांचा आहे. नाव, गल्ली सांगणार नाही. त्याची गरजही नाही, कारण तुमच्या वस्तीत असाच एक असणार. त्याच्या घरात दीड वर्ष झाले, कुकर माळ्यावर पडून आहे. भात टोपात शिजतो, डाळ टोपात शिजते, गॅस जास्त जातो आणि महिन्याचा हिशेब कोलमडतो. शर्टाच्या मानेवरचे लेबल कापल्याशिवाय तो शर्ट घालत नाही. अंघोळीला डोक्यावर मगातून पाणी ओतले की सुरी फिरवल्यासारखा किंचाळतो. पण पहिल्या पावसात गल्लीतून त्याला घरात आणावे लागते, इतका तो पाण्यात उभा राहतो. कॉलर चावून चावून त्याने सगळ्या शर्टांच्या चिंध्या केल्या आहेत. गोल गोल फिरतो आणि त्याला चक्कर येत नाही. तवा त्याच्या तळव्याला लागला तेव्हा आईला कळले ते फोड आल्यावर. खोली दहा बाय बारा, ओटा नाही, शेगडी खालीच. अशा घरात न दुखणारा हात ही काय चीज असते, याचा त्या कार्यकर्त्याने विचार केला नव्हता. त्याला फक्त विसंगती दिसली.

विसंगती काहीच नाही. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांत आणि मोठ्या माणसांतही संवेदना काही बाबतीत अतितीव्र असतात, काही बाबतीत मंद असतात, आणि दोन्ही एकाच शरीरात नांदतात. वस्तीतल्या माणसाला हे नळावरून समजावे. पाइपलाइन एकच असते. पण एका नळाला फोर्स इतका की हंडा हातातून सुटावा, आणि शेजारच्या नळाला थेंब थेंब. शिवाय फोर्सवाला नळ दुपारी कोरडा पडतो आणि कोरडा नळ पहाटे धो-धो वाहतो. या मुलाचा कानाचा नळ पूर्ण उघडा आहे, तळव्याचा जवळपास बंद. आणि झोप झालेली नसली, गर्दी असली, घरात भांडण झालेले असले की सगळ्यांचाच दाब बदलतो. काल जो आवाज चालला तो आज चालत नाही तो त्यामुळे. यालाच लोक ‘मूड’ म्हणतात.

शाळेत आपल्याला पाच ज्ञानेंद्रिये शिकवली. ती यादी अपुरी आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी एक जाणीव असते. सांधे आणि स्नायूंमध्ये ‘माझा हात कुठे आहे, किती जोर लावला’ हे सांगणारी आणखी एक असते. आणि पोटातून, मूत्राशयातून, घशातून येणारी भूक, तहान, लघवीची जाणीव असते ती वेगळीच. या जाणिवा मंद असल्या की मूल उड्या मारते, भिंतीला धडकते, माणसाला घट्ट आवळते, कारण तेवढा जोर लागला तरच त्याला स्वतःचे शरीर सापडते. लघवी झाल्यावरच कळते. ताप चढला तरी खेळत राहते. अशा मुलाला आम्ही मस्तीखोर, ढीठ, घाणेरडा म्हणतो.

आमच्या धम्मात सहा आयतने सांगितली आहेत : डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन. सळायतनातून स्पर्श, स्पर्शातून वेदना, ही प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आमच्या धम्मवर्गात फळ्यावर लिहिली जाते. पालीत ‘वेदना’ म्हणजे केवळ दुखणे नव्हे, तर जे जाणवते ते सगळे. सुखद, दुःखद आणि दोन्हीही नसलेले. वेदना वस्तूत नसते, इंद्रिय आणि वस्तू यांची गाठ पडते तिथे ती उपजते, हे जे आम्ही दर रविवारी ऐकतो, ते या मुलाच्या कानाला आणि तळव्याला लावून पाहायला काय हरकत आहे? शिट्टी तीच. तुमच्या कानात तिची वेदना ‘जेवण झाले वाटते’ इतकीच. त्याच्या कानात ती वेगळी.

या गोष्टी नव्याही नाहीत. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने 1943 साली 11 मुलांवर जो लेख लिहिला, ज्यापासून ऑटिझमची वैद्यकीय चर्चा सुरू झाली असे मानतात, त्यातच मोठ्या आवाजांना घाबरणारी मुले आहेत. पण निदानाच्या अधिकृत निकषांत संवेदनांची ही अति आणि न्यून अशी दोन्ही टोके यायला 2013 साल उजाडले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या पुस्तकात ती एकाच कलमात, शेजारी शेजारी लिहिली गेली. सत्तर वर्षे आया सांगत होत्या. ऐकणारे नंतर आले.

आपल्याकडे काय? ऑटिझमचे प्रमाण मोजायला सरकार जी भारतीय मापनपट्टी वापरते, जिला आयएसएए म्हणतात, तिच्यात 40 प्रश्न आहेत आणि त्यातला एक अख्खा विभाग संवेदनांचा आहे. त्या विभागात असाधारण संवेदनशीलतेचा प्रश्न आहे आणि वेदना न जाणवण्याचाही आहे. म्हणजे आमच्या कार्यकर्त्याला जी विसंगती वाटली ती सरकारी कागदावर एका पानावर छापलेली आहे. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात ऑटिझमची जी व्याख्या आहे ती उघडून वाचा. संवाद आहे, नातेसंबंध आहेत, ठरावीक पद्धतीचे वागणे आहे. कान, कातडी, वास, तोल यांचा एक शब्द नाही. कायद्याला मूल बाहेरून कसे दिसते तेवढे कळले. मुलाला जग आतून कसे लागते ते नाही.

नावातच घोळ आहे. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. चूक मराठी अनुवादकाची नाही. मूळ ग्रीक शब्दातच ‘स्व’ बसलेला आहे. पण जो मुलगा विमान, हॉर्न, मिक्सर, शेजारचा टीव्ही आणि ट्यूबलाइटची घरघर एकाच वेळी, एकाच उंचीवर ऐकतो आहे, तो स्वतःत मग्न कसा? त्याच्यात तर अख्खे सांताक्रूझ घुसलेले आहे. तो कान दाबून कोपऱ्यात बसतो तो जग नको म्हणून नाही. दार लावायला त्याच्याकडे दुसरे काही नाही म्हणून. आणि ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दल आंबेडकरी माणसाने तरी सावध असावे. 2015 च्या शेवटी पंतप्रधानांनी तो सुचवला आणि सरकारदरबारी रूढ झाला. कायद्याच्या मराठी नावातही तो आहे म्हणून वर लिहावा लागला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला होता. आमच्या माणसांना ‘हरिजन’ म्हणणारेही प्रेमानेच म्हणत होते. त्या शब्दासाठी 1938 साली बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी मुंबई विधानसभेतून सभात्याग केला. हक्क मागणाऱ्याच्या अंगाला देव चिकटवला की हक्काची मागणी दयेची होते, हे आम्हाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

अजून एक समज आहे, तो आमच्या लोकांतच जास्त : हा बड्या लोकांचा आजार आहे. याचे मूळही कॅनरच्या त्या लेखात सापडते. त्याच्याकडे आलेल्या मुलांचे आईबाप शिकलेले, व्यावसायिक होते. साहजिकच आहे, 1943 साली आपल्या मुलाला अशा डॉक्टरपर्यंत नेणारे दुसरे कोण असणार? पोहोचले ते मोजले गेले, आणि मोजले गेले तेवढेच आजारी ठरले. आमच्याकडे 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले तेव्हा ठळकपणे आला. 2011 च्या जनगणनेत त्याला वेगळा रकाना नव्हता. रकानाच नाही तर वस्तीत किती आणि बिल्डिंगमध्ये किती हे कोण सांगणार? दरम्यान सिनेमाने एक चेहरा देऊन ठेवला. ‘माय नेम इज खान’ 2010 साली आला. त्यातला रिझवान बोरिवलीत वाढतो, त्याला पिवळा रंग आणि मोठे आवाज सहन होत नाहीत, आणि तो कुठलेही यंत्र दुरुस्त करतो. सिनेमा चांगलाच आहे. पण आमच्या वाकोल्यातल्या मुलाला मिक्सर सहन होत नसेल तर त्याने तो दुरुस्त करून दाखवला पाहिजे, अशी अट घालता येत नाही. गुणवत्ता सिद्ध करा मग माणूस मानू, हा खेळ आमच्याशी पुष्कळ खेळून झाला आहे.

सांताक्रूझचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला वाकोला, गोळीबार, कलिना. एका बाजूने रेल्वे, मधून पश्चिम द्रुतगती महामार्ग, डोक्यावर विमानतळाची ये-जा, आणि मेट्रो-3 चे भुयार खणले जात असतानाची ती वर्षे. भिंती पत्र्याच्या किंवा एका विटेच्या, शेजारच्याचा खोकला आपल्या घरात. याच पूर्वेला मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे. देशातला सर्वांत जुना, 1919 साली सुरू झालेला समाजशास्त्र विभाग याच विद्यापीठाचा. आम्हीही समाजशास्त्राचे विद्यार्थी. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांचे ‘द क्रॅक्ड मिरर’ आम्ही वाचले, अस्पृश्यता ही स्पर्शाच्या इंद्रियातच कशी बांधली गेली यावर चर्चा केल्या. ज्या आईने दीड वर्ष कुकर लावला नाही तिला स्पर्श आणि श्रवणाबद्दल जे माहीत आहे, त्याला मात्र कुठल्या सेमिनारमध्ये जागा मिळालेली आम्ही पाहिली नाही.

ही आई सकाळी रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला तीन घरची कामे करते. ऑक्युपेशनल थेरपीची खासगी सेंटरे तिला कामावर जाताना दिसतात. संवेदनांवर नेमके तिथेच काम होते. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने अर्ध्या शतकापूर्वी मांडलेल्या पद्धतीवर ते आधारलेले आहे : झोका, दाब, वजन, वेगवेगळे पोत. एका सत्राला हजाराच्या आसपास पैसे, आठवड्यातून दोनदा तरी, आणि किती महिने हे कोणी सांगत नाही. तिचा एका घरचा महिन्याचा पगार तीन सत्रांत संपतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही मिळतो. वस्तीत किती जणांना ती ठाऊक आहे? तिच्यासाठी आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे. त्याच्या रांगेत आम्ही एका कुटुंबाबरोबर चार खेपा घातल्या. एका खेपेला डॉक्टर रजेवर, एका खेपेला मूल रडते म्हणून ‘शांत झाल्यावर आणा’. शांत झाल्यावर आणायला तो मुलगा त्या पॅसेजमध्ये शांत होणार कसा? साठ माणसे, फिनेलचा वास, वर फडफडणारी ट्यूब. जातीच्या दाखल्याच्या आणि पडताळणीच्या रांगेत आमच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या. निदान तिथे उभे राहण्याने दुखत तरी नव्हते.

शाळेचे तर विचारू नका. कान दाबले की ‘लक्ष नाही’, कॉलर चावली की ‘घाण सवय’, बाकावरून उठून उड्या मारल्या की छडी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केलेला आहे, हे बोलायला सोपे. मारल्यावर हा मुलगा रडत नाही. मग पुढचा फटका जोरात बसतो, कारण मारणाऱ्याला वाटते अजून लागलेले नाही. ‘बघा, काही फरक पडत नाही याला’ असे त्याच्या आईला सांगितले जाते. वाचणाऱ्याने हे वाक्य पुन्हा लेखाच्या सुरुवातीशी नेऊन ताडून पाहावे. वस्तीतल्या, पहिल्या पिढीच्या मुलाबद्दल बाईंचे मत आधीच तयार असते की घरी वळण नाही. संवेदनांचा फरक त्या मतात सहज बुडून जातो. बिल्डिंगमधल्या मुलाचे तेच वागणे ‘असेसमेंट करून घ्या’ पर्यंत पोहोचते, आमच्या मुलाचे दाखल्यापर्यंत.

आणि मार्ग आहे. 2016 च्या कायद्याचे कलम 92 प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अपंग व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर, अपमान करण्याच्या हेतूने, जाणूनबुजून पाणउतारा केला किंवा धमकावले तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. शब्द ओळखीचे वाटले ना? 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्याच घडणीतले ते आहेत. पोलीस ठाण्यात कलमे वाचून दाखवून गुन्हा नोंदवून घ्यायची सवय या शहरात आंबेडकरी कार्यकर्त्याइतकी कोणाला आहे? ती सवय या मुलांच्या कामी एकदाही वापरली गेल्याचे आम्हाला तरी दिसलेले नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ऑटिझम असलेल्या काही मुलांना हलका स्पर्श सहन होत नाही, पण घट्ट दाब हवासा वाटतो. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रॅन्डिन या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांना मिठी असह्य होई आणि दाब हवा असे, म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोन फळ्यांमध्ये शरीर दाबून घेण्याचे यंत्र बनवले. अति आणि न्यून एकाच कातडीवर असू शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. पण हेच आमच्या घरात घडते तेव्हा त्याला दुसरा इतिहास चिकटतो. नातू आजीचा हात झटकतो आणि म्हणतो, “हात लावू नको.” ज्या आजीने लहानपणी गावात हे वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले, ओंजळीत वरून पाणी घेतले, तिच्यासाठी हे नुसते चार शब्द नाहीत. एका आजीला आम्ही या वाक्यानंतर मोरीत जाऊन तोंड धुताना पाहिले. तिला समजावून सांगायला वेळ लागला की पोरगा विटाळ मानत नाही, त्याच्या कातडीला तुझी बोटे मुंग्यांसारखी लागतात; घट्ट धर, चादरीत गुंडाळून धर, मग बघ. आता ती त्याला जुन्या गोधडीत वळकटीसारखी गुंडाळते आणि तो तासभर तसाच पडून राहतो. हे कुठल्या थेरपिस्टने नाही, त्यांनी दोघांनी शोधले.

अशा घरांत अंगारा-धुपारा आजही चालतो, हेही लिहिलेच पाहिजे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मुलाच्या दंडात ताईत. ‘मागल्या जन्मीचं काहीतरी असेल’ हे वाक्य बौद्ध घरात ऐकले की बावीस प्रतिज्ञा नेमक्या कशासाठी घेतल्या असा प्रश्न पडतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागील जन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगण्याचा सिद्धान्त मुळापासून तपासला आणि नाकारला, कारण गरिबाच्या आणि दुबळ्याच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून काढून त्याच्याच डोक्यावर टाकायला तो सोयीचा पडतो. पण त्या आईला नुसते रागावून उपयोग नाही. जिला दवाखान्याने चार खेपा घालायला लावल्या, ती पहिल्या खेपेत ‘ये बाई, बस’ म्हणणाऱ्या बाबाकडे गेली, यात तिच्याइतकाच विहार कमिटीचाही वाटा आहे. विहारात तिला मूल घेऊन बसता येते का? वंदना चालू असताना मूल ओरडले तर किती माना वळतात?

आता येऊ 14 एप्रिलवर, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले.

निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, हे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज 100 च्या वर सहज जातो. डेसिबल हे माप फसवे आहे. दर 10 ला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 55 वरून 100 वर जाणे हे दुप्पट नाही, तीस हजार पटींहून जास्त आहे. हा आवाज चार फुटांच्या गल्लीत, पत्र्याच्या भिंतींमध्ये शिरतो तेव्हा तिथे कुकरच्या शिट्टीने कोलमडणारे मूल असते. मागच्या जयंतीला तो मुलगा चार तास पिंपामागे बसून होता, आणि नंतर तीन दिवस भिंतीवर डोके आपटत होता.

आणि बरोबर याच वेळी दुसऱ्या गल्लीतली एक मुलगी, तीही ऑटिस्टिक, स्पीकरच्या बॉक्सला छाती आणि गाल लावून उभी होती. हसत होती. पोरे म्हणाली, “बघा, हिला तर आवडतंय!” आवडतच होते. तिच्या शरीराला कंपन हवे असते, बॉक्स तिला ते देतो. पण कानाच्या आतल्या नाजूक पेशी आवडीनिवडी पाहत नाहीत; एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. दूर जा असे तिचे शरीर तिला सांगत नाही, म्हणून ते सांगणे आमचे काम होते. एकाला आवाजाने मारले आणि एकीला आवाजाजवळ सोडून दिले, दोन्ही एकाच मिरवणुकीत.

उत्तर आम्हाला माहीत आहे, कारण ते आम्हीही दिलेले आहे. ‘दहा दिवस गणपतीचे ढोल चालतात, नऊ रात्री गरबा चालतो, तेव्हा कोणाचे कान दुखत नाहीत. आमचा एक दिवस आला की बिल्डिंगमधून पोलिसांना फोन जातात. शतकानुशतके आमचा आवाज दाबला. आता आम्ही वाजवणार.’ यातला शब्दन्‌शब्द मान्य. आवाजाच्या तक्रारीत जात असते. वर्षातले ठरावीक दिवस रात्री 12 पर्यंत ध्वनिक्षेपकाची सूट मिळते आणि जयंतीचा दिवस त्यात असतो, तो कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. बिल्डिंगवाल्यांसाठी एक बटणही खाली करू नका, आम्ही सांगणार नाही.

पण तो मुलगा बिल्डिंगमध्ये राहत नाही. तो तुमच्या मंडळाच्या बोर्डामागच्या खोलीत राहतो. त्याच्या बापाने तुमच्या पावतीपुस्तकात वर्गणी भरलेली आहे. ‘आमचा आवाज’ म्हणताना त्या ‘आमचा’ मध्ये तो आहे की नाही, एवढाच मुद्दा आहे. आणि मोठा आवाज म्हणजेच अस्मिता असे असते, तर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे कशाने जमतात? तिथे रांग असते, पांढरे कपडे असतात, पुस्तकांचे स्टॉल असतात आणि घरी जाताना पिशवीत ग्रंथ असतो. त्या रांगेपुढे हे शहर दरवर्षी गप्प होते. दोन्ही आमचेच आहे. आम्ही एक सोडून दुसरे धरा म्हणत नाही.

आम्ही मंडळापुढे जे ठेवले आहे ते इतकेच. मिरवणूक कोणत्या गल्लीत किती वाजता येणार ते आठवडाभर आधी घरोघर सांगायचे आणि ती वेळ पाळायची. अचानक येणारा आवाज आणि माहीत असलेला आवाज यांत या मुलांसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. बॉक्सची गाडी मोठ्या रस्त्यावरच राहील, गल्लीत फक्त निळे झेंडे आणि गाणारी माणसे जातील. वामनदादांची गाणी गाडीशिवायही गाता येतात. त्यांच्या काळी गाडी होती कुठे? त्या संध्याकाळी विहार उघडा, मंद दिव्यात, पंखा आणि चटया घालून, ज्या घराला मूल घेऊन येऊन बसायचे असेल त्याच्यासाठी. दाराशी दोन पोरे उभी, बाकी कोणी आत येऊन ‘काय झालंय याला’ असे विचारायचे नाही. बॉक्सजवळ लहान मूल दिसले तर उचलून मागे आणायचे, मग ते कोणाचेही असो. वर्गणीतून कान झाकणारे चार हेडफोन घ्यायचे, कारखान्यात वापरतात तसे. एका बॅनरच्या पैशात येतात.

आणि बाकीचे 364 दिवस? वॉर्ड ऑफिसवर एक मोर्चा यासाठी का निघू नये की पालिकेच्या शाळेत आणि दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळावा, प्रमाणपत्र शिबिर पूर्वेला आमच्या वस्तीत भरावे, आणि त्या शिबिरात या मुलांना आधी घ्यावे? शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. आमच्या अंगणवाडीत त्याचे पथक शेवटचे कधी आले, आणि त्याने कानाच्या, कातडीच्या या तक्रारी विचारल्या का, एवढी माहिती मागायला माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि दहा रुपये लागतात.

मीटिंगमध्ये यावर मतदान झाले नाही. गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवायला अर्धे तयार आहेत. अर्धे म्हणतात, गल्लीत डीजे नाही आला तर बायका-म्हाताऱ्यांना जयंती दिसणार कशी, आणि हा प्रश्न खोटा नाही, त्यावर अजून बोलावे लागेल. विहार उघडा ठेवायला मात्र कोणाचाच विरोध नव्हता, नाटक म्हणणाऱ्या त्या कार्यकर्त्याचाही नाही; किल्ली त्याच्याकडेच असते. डीजेची सुपारी फेब्रुवारीतच दिली जाते, ॲडव्हान्स गेला की मार्ग बदलत नाही. तुमच्या मंडळाचीही बैठक त्याआधी लावा, आणि अशा घरांतल्या आयांना त्या बैठकीला खुर्चीवर बसवून बोलू द्या.

जयभीम.